रौप्य, रुपेरी, चांदी आणि तुमचे ‘चंदेरी मासे’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात तुमच्या अंकांनी एकाच धावपटूला तीन पदके दिली. सोमवारच्या मथळ्यात ‘रजतपदकावर समाधान’, त्याच बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘चांदीचे पदक’ आणि मंगळवारी छायाचित्राखाली ‘सिल्व्हर मेडलसह’. पोरीने घाम गाळून मिळवले ते एकच. मराठीत त्याला रौप्यपदक म्हणतात, आणि तो शब्द दोन्ही दिवशी कुठेही नव्हता.

एवढ्यावरून मी लेखणी उचलली नसती. पण रविवारच्या पुरवणीत जुन्या ग्रंथांच्या जतनावर एक लेख आला. लेख भाषांतरित आहे हे दुसऱ्याच वाक्यात कळते, ते असो. त्यात लिहिले आहे, ‘पुस्तकांचे खरे शत्रू म्हणजे वाळवी आणि चंदेरी मासे.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मासेच होते. त्यांच्याकडे नंतर येते.

मी बत्तीस वर्षे मुद्रिते तपासली. सुरुवात खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापण्याच्या काळात झाली. नवा खिळा हातात घेतला की तो रुपेरी दिसायचा आणि बोटे काळी करायचा. असायचा शिसे, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रणाचा. रुपेरी दिसणाऱ्या वस्तूत रुपे असतेच असे नाही, हा धडा मला पहिल्याच आठवड्यात मिळाला. आमच्या विभागात एक तरुण उपसंपादक होते. मी ‘रौप्य’ लिहून मुद्रित परत पाठवले की ते म्हणायचे, “बाई, रौप्य कुणाला कळतं हो आता? चांदी लिहा, मोकळ्या व्हा.” मी मोकळी व्हायचे नाही. मी विचारायचे, “मग महोत्सव कसला करायचा? चांदीमहोत्सव?” ते गप्प बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चांदी लिहायचे.

त्यांचा प्रश्न मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. इंग्रजीत एकट्या ‘सिल्व्हर’वर सगळा संसार चालतो: धातू तोच, रंग तोच, दुसरा क्रमांक तोच, पंचविसावे वर्षही तेच. मग आपण चार-पाच शब्द कशाला सांभाळायचे? उत्तर असे की मराठीने ही कामे वाटून दिलेली आहेत, आणि वाटणी कोणी समिती नेमून केलेली नसली तरी बोलणाऱ्या माणसाच्या जिभेला ती पक्की ठाऊक असते. चांदीची पेटी म्हटले की ती चांदीची घडवलेली आहे. रुपेरी पेटी म्हटले की ती पुठ्ठ्याचीही असेल, रंग तेवढा तसा. रौप्य म्हटले की मान आणि क्रम आला: रौप्यपदक, रौप्यमहोत्सव. औपचारिक लेखनात रौप्य म्हणजे चांदीचा, चांदीची असा अर्थही आहे, नाही म्हणत नाही. पण पदकाशेजारी तो शब्द बसला की वाचणारा धातूकडे बघत नाही, दुसरा नंबर आला एवढेच वाचतो. ‘चांदीचे पदक’ लिहिलेत की तुम्ही धातूची हमी देता. ती हमी किती महाग पडू शकते हे मला स्वतःला ठाऊक आहे. तेही पुढे सांगते.

चंदेरी आणि रुपेरी यांतही फरक आहे, आणि तो कोशात नीट सापडत नाही. ‘रुपेरी केस’ म्हटले की वय मानाने आलेले वाटते. ‘चंदेरी केस’ म्हटले की बाईंनी रंग लावला की काय अशी शंका येते. ‘रुपेरी पडदा’ म्हणताना आपण त्याच्याकडे जरा प्रेमाने बघतो. ‘चंदेरी दुनिया’ म्हटले की नाक किंचित मुरडलेले असते, पुढे कुणाच्या तरी अधःपतनाची हकीकत येणार हे वाचक ओळखतो. दोन्हींचे मूळ एकच, तो चकाकणारा पांढरा रंग. रुपेरीत तो मऊ होतो आणि चंदेरीत डोळ्यांवर येतो.

पडद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, तिथे रुपेरी हा नुसता अलंकार नव्हता. जुन्या काळी चित्रगृहातल्या पडद्याला प्रकाश जास्त परतवण्यासाठी धातूच्या कणांचा रंग देत. आणि फिल्मवर चांदीचे क्षार असत. उजेड लागलेल्या क्षारांचे पुढे रसायनात शुद्ध चांदीत रूपांतर होते, आणि ती चांदी इतक्या बारीक कणांत असते की चमकत नाही, काळी दिसते. म्हणजे कृष्णधवल चित्रपटाच्या फितीत नायिकेचे काळेभोर केस हीच चांदी, आणि तिचा उजळ चेहरा म्हणजे जिथून चांदी धुऊन निघाली ती जागा. मला हे कळले तेव्हा मी दिवसभर कुणाकुणाला सांगत सुटले होते.

आता ‘रजत’. माझा त्याच्यावर राग नाही. तो हिंदीचा म्हणून हाकला असे मी म्हणत नाही. तो आपलाही आहे आणि या सगळ्यांत वयाने मोठा आहे. माझ्या नातीने परवा विचारले, “आजी, सिल्व्हरमध्ये ए नाही की जी नाही, मग पुस्तकात चांदीचं चिन्ह एजी का?” तिला मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करायचा होता, चांदीचा अणुक्रमांक ४७ आहे हेही तिने मला ऐकवले. मी सांगितले की ती दोन अक्षरे लॅटिन ‘अर्जेंटम’ची आहेत. अर्जेंटम, ग्रीक ‘आर्गिरोस’ आणि आपले ‘रजत’ ही एकाच घरातली भावंडे. पांढरे, झळाळणारे अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूपासून निघालेली. (इथे धातू म्हणजे व्याकरणातला. मराठीत हा घोटाळा होतोच.) त्याच घरातला आणखी एक जण आपल्या ओळखीचा आहे: अर्जुन. अर्जुन या शब्दाचा अर्थ पांढरा, लख्ख. नातीला चिन्ह त्या क्षणी पाठ झाले. “म्हणजे अर्जुनातला र सोडून ए आणि जी,” ती म्हणाली. शास्त्रशुद्ध नाही, पण चालेल.

‘अर्जेंटिना’ हे देशाचे नावही याच अर्जेंटमवरून पडले. तिथल्या मोठ्या नदीमुखाला स्पॅनिश लोकांनी ‘रिओ दे ला प्लाता’, चांदीची नदी, असे नाव दिले, कारण त्या वाटेने चांदीच्या डोंगरापर्यंत पोचता येईल अशी त्यांची आशा होती. डोंगर निघाला भलतीकडे, आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीला, १५४५ साली. नाव मात्र ज्याच्याकडे चांदी नव्हती त्यालाच चिकटले.

मला सगळ्यांत जास्त रमायला होते ते ‘रुपे’ या शब्दात. पाणिनीचे सूत्र आहे, ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’. म्हणजे ‘रूप’ या शब्दावरून ‘रूप्य’ होतो तो दोन अर्थांनी. एक आहत, ठोकलेले, ज्यावर हातोड्याने रूप उमटवले आहे असे. दुसरा प्रशंसा, म्हणजे रूपाने चांगले. नाणकशास्त्राचे अभ्यासक जुन्या ठसे मारलेल्या नाण्यांना आजही आहत नाणी म्हणतात, तो शब्द इथलाच. अमरकोश तर आणखी पुढे जातो. त्यात एके ठिकाणी सोने आणि रुपे या दोहोंनाही ठसा मारला की त्याला ‘रूप्य’ म्हणावे असे सांगितले आहे. धातू कुठला याच्याशी कर्तव्य नाही, ठसा महत्त्वाचा. पुढे ठसा गळाला आणि धातू उरला.

याच्या नेमके उलटे ग्रीकांनी केले. आजच्या ग्रीक भाषेत चांदीला म्हणतात ‘आसीमी’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ज्याच्यावर खूण नाही ते’. न ठोकलेली, नाणे न झालेली, नुसती लगड. फारसीतला चांदीवाचक ‘सीम’ही तिथूनच आलेला. धातू एकच; आम्ही त्याला ठसा आहे म्हणून नाव दिले, त्यांनी ठसा नाही म्हणून. स्पॅनिश लोकांना ना रंग दिसला ना ठसा, त्यांना तिचा सपाट पत्रा दिसला. ‘प्लाता’चे मूळ तेच. पुढे त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या वाळूत सोन्याबरोबर एक पांढरा, न वितळणारा, त्रासदायक धातू सापडू लागला तेव्हा त्यांनी त्याला हिणवून ‘प्लातिना’, म्हणजे चांदुकली, असे नाव ठेवले. तेच आजचे प्लॅटिनम.

तमिळमध्ये ‘वेळ्ळि’ म्हणजे चांदी, शुक्राचा ग्रह आणि शुक्रवारही. तिथे पुन्हा पांढरेपणाच मुळाशी. आणि सिल्व्हर? ती इंग्रजी, जर्मन, रशियन अशी युरोपच्या उत्तरेतल्या भाषांमधून हिंडते, बास्कसारख्या कुणाच्याच नात्यात न बसणाऱ्या भाषेतही तिची सावली दिसते. आमच्या रजत-अर्जेंटम कुटुंबात तिला सोयरीक नाही.

रुपयाची गोष्ट वेगळी सांगायला नको, शब्दातच आहे. शेरशहाने सोळाव्या शतकात जो रुपया पाडला तो सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा. १८३५च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४०मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि १९४७मध्ये रुपया निकेलचा झाला. रुप्यातून रुपे गेले, नाव राहिले. पण भाषेने त्या जुन्या नाण्याचा आवाज जपून ठेवला आहे. खणखणीत, बंदा, वाजवून घेणे, कलदार: हे सगळे शब्द चांदीच्या नाण्याचे आहेत. एखाद्याला ‘बंदा रुपया’ म्हणताना आपण त्याला निकेलचा म्हणत नसतो.

नाण्यामुळेच पुष्कळ भाषांत चांदी म्हणजे पैसा असे समीकरण झाले. फ्रेंचमध्ये ‘आर्जाँ’ म्हणजे चांदी आणि पैसाही. हिब्रूत ‘केसेफ’चे तेच, वेल्शमध्ये ‘अरियन’चे, थायमध्ये ‘ङन्’चे. चिनी लोक बँकेला ‘यिनहांग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः चांदीची पेढी. मराठीत चांदी म्हणजे पैसा नाही. मराठीत चांदी म्हणजे नशीब, आणि तेही दुसऱ्याचे.

हे जरा बघा. ‘दलालांची चांदी’, ‘ठेकेदारांची चांदी झाली’, ‘चांदी आहे बुवा तुमची!’ तुमच्याच पहिल्या पानावर महिन्यातून चार वेळा कुणाची तरी चांदी होते. त्यात कधी तुम्ही ‘शिक्षकांची चांदी’ किंवा ‘परिचारिकांची चांदी’ लिहिले आहे का? कष्टाने मिळाले त्याला चांदी म्हणत नाहीत. न मागता, न राबता, बहुधा दुसऱ्याच्या अडचणीतून हात ओले झाले की चांदी. बोलणाऱ्याच्या मनात थोडी असूया असते. ‘माझी चांदी झाली’ असे म्हणणारा ओशाळे हसतो.

सोन्याचे तसे नाही. संधीचे सोने करतात, आयुष्याचे सोने होते, शिष्य गुरूच्या शब्दाचे सोने करतो. सोने ‘करता’ येते. त्याला कर्ता लागतो, कष्ट लागतात. चांदी फक्त ‘होते’. संधीची चांदी केली असे कुणी म्हणत नाही, म्हटले तर तो माणूस भुरटा वाटतो. हे क्रियापद कुणी ठरवले? मला वाटते, सोन्याचा कस लावावा लागतो आणि चांदीचा रुपया हातात पडतो, त्या दोन अनुभवांचे हे भाषेत उतरलेले रूप असावे. हे माझे मत आहे, कोशातले नव्हे. बाकीच्या धातूंकडे तर आपण त्याहून कडक नजरेने बघतो. पितळ उघडे पडते, पारा चढतो, शिसे कानात ओततात, लोखंडाचे चणे खायला लावतात. या सगळ्या जमातीत चांदी त्या मानाने सुखात आहे.

अमरकोशकारालाही ती फारशी आवडली नसावी. सोने हे सुवर्ण, म्हणजे चांगल्या रंगाचे; आणि चांदीच्या नावांच्या ओळीत त्याने पहिलेच नाव दिले आहे ‘दुर्वर्ण’. त्याहून जुनी कथा तैत्तिरीय संहितेत आहे: अग्नी रडला, म्हणून तो रुद्र, त्याचे जे अश्रू पडले त्यांचे ‘रजत हिरण्य’ झाले, म्हणजे पांढरे सोने. आसवांपासून झालेले म्हणून ते दक्षिणेत देऊ नये, असे पुढे सांगितले आहे. त्या काळी चांदीला स्वतःचे नावसुद्धा पुरते मिळालेले नव्हते. पांढरे असे विशेषण लावून ती सोन्याच्याच घरात राहत होती. इजिप्तच्या जुन्या भाषेतही ती ‘पांढरी’च.

मग चंद्र तिच्या मदतीला आला. चांदी, चांदणे, चंदेरी ही सगळी चंद्राची लेकरे. गंमत अशी की वैदिक निघंटूत ‘चंद्र’ हे नाव हिरण्याच्या यादीत आहे, म्हणजे सोन्याचे. चंद्र म्हणजे झळाळणारा, एवढाच मूळ अर्थ. तो आधी सोन्याला लागला आणि नंतर चांदीला. युरोपातल्या किमयागारांनीही चांदीला चंद्राचेच नाव दिले होते. सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीला इंग्रजीत त्या चांद्र नावाने अजून ओळखतात. जखम डागायला ती वापरत आणि कातडी काळी पडे.

आता मासे.

इंग्रजीत ‘सिल्व्हरफिश’ म्हणतात तो मासा नाही. मराठीत तिला कसर म्हणतात. भाषांतरकाराने कधी जुने पुस्तक उघडले नसावे, नाहीतर तिची गाठ पडली असती. माझ्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७च्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. त्याच्या पाठीच्या कापडाखाली हिचा मुक्काम आहे. पान उलटले की नखाएवढी, निमुळती, पंख नसलेली एक आकृती उजेडाला घाबरून शिवणीकडे सुळकन जाते. शेपटीकडे तीन केस, पुढे दोन मिशा. अंगावर बारीक खवले, आणि बोटाने टिपली तर ते बोटाला चिकटतात, करड्या चंदेरी भुकटीसारखे. हा रंग आणि हे सुळकणे बघून इंग्रजाने तिला मासा म्हटले, त्याला दोष नाही. तिला कागदापेक्षा खळ आवडते, म्हणून ती पुस्तकाच्या बांधणीत राहते. कोशातला ‘क’ चा भाग तिने आधी खाल्ला आहे, स्वतःचे नाव असलेले पान मात्र शाबूत आहे.

आणि कसर हा शब्द किती कामाचा! पुस्तकाला लागते ती कसर, हिशेबात राहते ती कसर, ती भरून काढायची असते, जपून वागले की ती काटकसर, आणि अंगात बारीक ताप असला की ‘कसर आहे’ म्हणतात. एवढा शब्द सोडून तुम्ही मासे पाळलेत.

हीच गत आणखी दोन ठिकाणी झालेली मी वाचली आहे. एका अनुवादात ‘क्विकसिल्व्हर’चे ‘वेगवान चांदी’ केले होते. तो पारा! जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे जिवंत. हलतो, पळतो म्हणून जिवंत चांदी. ग्रीकांनी त्याला पाण्यासारखी चांदी म्हटले, ‘हायड्रार्जिरोस’, म्हणून त्याचे चिन्ह एचजी. दुसऱ्या अनुवादात एका गरीब घरातल्या जेवणाच्या टेबलावर ‘चांदीची भांडी’ मांडली होती. इंग्रजीत काटे-चमचे पोलादाचे असले तरी सवयीने सिल्व्हरवेअर म्हणतात. त्या कादंबरीतले कुटुंब घरभाडे थकल्याबद्दल रडत होते आणि मराठीत चांदीत जेवत होते.

मी दुसऱ्यावर हसते आहे तेव्हा माझेही सांगायला हवे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मजकुरात ‘जर्मन सिल्व्हर’ आले. परभाषेतला शब्द बघून माझा हात शिवशिवला आणि मी लाल शाईने ‘जर्मन चांदी’ केले. छापून आले. दोन दिवसांनी एका वाचकाचे पत्र आले, तीन ओळींचे: त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी औषधालाही नसते. चीनमध्ये हे मिश्रण आधीपासून होत असे, ‘पांढरे तांबे’ या अर्थाच्या नावाने. एकोणिसाव्या शतकात जर्मन कारखानदारांनी ते बनवायला घेतले आणि चांदीसारखे दिसते म्हणून हे नाव पडले. ते पत्र संपादकांनी मला वाचून दाखवले नाही, नुसते टेबलावर ठेवून गेले. तेव्हापासून मी एक नियम पाळते: शब्दात सिल्व्हर आहे म्हणून वस्तूत चांदी आहे असे धरायचे नाही.

‘रुपेरी कडा’ हे मात्र चुकीतून जमलेले छान भाषांतर आहे. मूळ इंग्रजीत कडा नाहीच, अस्तर आहे. मिल्टनने १६३४ साली लिहिलेल्या एका नाटिकेत काळा ढग आपले रुपेरी अस्तर रात्रीकडे उलटून दाखवतो, अशी कल्पना आहे. जणू ढग हा अंगरखा आणि चंद्राकडची त्याची बाजू आतली. शब्दशः ‘रुपेरी अस्तर’ केले असते तर मराठी वाचकाला शिंप्याची आठवण झाली असती. कुणीतरी कडा म्हटले, आणि सूर्याच्या आड आलेला ढग आपल्याला दिसतो तोही तसाच, कडेने पेटलेला. हे कुणी केले मला ठाऊक नाही, पण त्या माणसाने ढगाकडे बघून भाषांतर केले आहे, शब्दकोशाकडे बघून नव्हे. शिवाय ढगात खरीच चांदी घालण्याचा उद्योगही माणसाने केला. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांभोवती हिमस्फटिक तयार होतात हे १९४६मध्ये अमेरिकेत लक्षात आले, आणि कृत्रिम पावसासाठी ते अजून फवारतात.

राहिले माझे पदक. शाळेत असताना निबंधस्पर्धेत माझा दुसरा क्रमांक आला आणि मला एक पदक मिळाले. वडिलांनी सगळ्यांना सांगितले, “चांदीचं आहे.” मी तीसेक वर्षे ते मऊ कापडात गुंडाळून ठेवले. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि पुसली की उजळते हे मला माहीत होते, म्हणून मी काळे पडण्याची वाट बघत होते. ते काळे पडलेच नाही. आधी कडेला पिवळसर रेघ दिसली, मग अक्षरांच्या खोबणीत हिरवट कळंक आला. पितळ उघडे पडणे हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा तपासला असेन, पण तो त्या दिवशी तळहातावर होता. वडिलांना मी सांगितले नाही. पण पदकावर कोरले होते ‘रौप्यपदक’, आणि ते खोटे नव्हते. दुसरा क्रमांक माझाच होता. खोटे होते ते आमचे ‘चांदीचं’.

उलटा न्याय ऑलिंपिकमध्ये आहे. १८९६च्या अथेन्समध्ये पहिल्या आलेल्याला रौप्यपदकच देत. सोने-रुपे-कांस्य हा क्रम १९०४पासूनचा. अस्सल सोन्याची पदके १९१२नंतर बंद झाली. आजचे सुवर्णपदक म्हणजे निदान साडेब्याण्णव टक्के चांदी आणि वर सहा ग्रॅमच्या आसपास सोन्याचा मुलामा. तेव्हा तुमच्या बातमीदाराला ‘चांदीचे पदक’च लिहायचे असेल तर ते पहिल्या आलेल्या मुलीला लिहावे लागेल. दुसरीला रौप्य.

माझे मागणे फार नाही. क्रीडापानावर पदकाला रौप्य म्हणा, मथळ्यात जागा कमी असते आणि शब्द दोनच अक्षरी आहे. रजत हवे तिथे राहू द्या, नावात, कवितेत. पण एकाच बातमीत तीन वेष नकोत. रंगाला रुपेरी, झगमगाटाला चंदेरी, वस्तू खरीच चांदीची असेल तरच चांदीची. आणि पुढच्या वेळी ग्रंथांवर लेख येईल तेव्हा तो छापण्याआधी कुणाला तरी एखादे जुने पुस्तक उघडायला सांगा.

सोबत दोन्ही कात्रणे जोडली आहेत. ‘चंदेरी मासे’भोवती लाल वर्तुळ आहे, सवयीने केले. परत पाठवू नका, माझ्याकडे आणखी एक प्रत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक